ठकीचा आवाज

२ फेब्रुवारी

आलो एकदाचा, आणि खोली पाहून जीव निवला. खाली कपडे धुण्या-इस्त्रीचं मोठं दुकान आहे. त्यांच्या यंत्रांची घरघर फरशीतून तळपायांना जाणवते आणि जिन्यात कायम गरम साबणाचा वास. मालकीणबाईंनी आल्याआल्याच माफी मागून टाकली, म्हणाल्या, या आवाजापायी इथे भाडेकरू टिकत नाही. मी म्हटलं, मला आवाज आवडतो. खोटं नाही ते.

माझं सामान माझ्याआधी येऊन बसलं होतं. घरबसल्या मागवण्यात हेच सुख आहे, माणूस प्रवासात आणि संसार दारात. गादी सुरळी करून, गच्च आवळून आली होती. कात्री लावली तशी झोपमोड झालेल्या पाहुण्यासारखी कुरकुरत फुगत गेली. किटली उत्तम. दिवा उत्तम, त्याचा उजेड फोनवरून कमीजास्त होतो. पडदा मात्र वीतभर आखूड निघाला. तक्रार टाकली तर निमिषात उत्तर आलं, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पलीकडे यंत्र आहे की माणूस हे ओळखायची माझी एक खूण आहे. शुद्धलेखन चुकलं की माणूस. हे उत्तर अगदी शुद्ध होतं.

हे सगळं मी वहीत हाताने लिहितोय याचं मलाच हसू येतं. ज्याच्या खिशात दोन फोन आणि पिशवीत तीन चार्जर, तो पेन शोधत फिरतोय. पण ज्या वस्तू मी लोकांच्या घरात बसवतो त्या सगळ्या कान देऊन असतात. कागदाला कान नाहीत.

आईला फोन केला. जागा चांगली आहे, शेजार चांगला आहे, सांगितलं. तिने विचारलं, एवढी गावं पडली होती, तिथेच कशाला गेलास? मी म्हटलं, बदलीच तिथली मिळाली. मागून घेतली हे सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

काम मस्त आहे. लोक ऑनलाइन दुकानातून हुशार दिवे, बोलणारे स्पीकर, बोटाने उघडणारी कुलुपं मागवतात, मग डबा उघडून कपाळाला हात लावतात. तिथे मी जातो. आज एका आजोबांकडे दिवा बसवला. आजींनी हुकूम केला की दिवा लागायचा आणि आजोबांनी केला की नाही. आजोबा म्हणाले, या घराला सवयच आहे तशी. आजी इतक्या हसल्या की दिव्याने तेही हुकूम समजून घेतला आणि विझला.

असे दिवस जावेत असं वाटतं. पण मी आजी-आजोबांसाठी आलेलो नाही.

डबाफोड्यासाठी आलोय.

हे नाव मी ठेवलेलं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे डबे कॅमेऱ्यासमोर फोडायचे आणि बरं-वाईट बोलायचं, हा त्याचा धंदा. लाखो लोक बघतात. एके काळी मीही बघायचो. नव्या वस्तूंचं वेड मला लहानपणापासून, आणि ते ठकीला माझ्याकडून लागलं. ठकी माझी धाकटी बहीण. बाहुलीसारखी होती म्हणून ठकी. ती घरी लॅपटॉपच्या बॅगा शिवून ऑनलाइन विकायची. स्वतःच व्हिडिओ करायची, चेन ओढून दाखवायची, अस्तर उलटून दाखवायची. काही अडचण आली तर थेट मला फोन करा, असं शेवटी म्हणायची. आणि लोक खरंच करायचे.

डबाफोड्याने तिची एक बॅग मागवली. कॅमेऱ्यासमोर तिच्या चेनला पक्कड लावून ओढली, ती तुटेपर्यंत. मग ठकीला फोन लावला आणि न सांगता तो लाखो लोकांना ऐकवला. ती समजावत होती, नवीन पाठवते म्हणत होती. मागून आईने हाक मारली, ठकी, जेवून घे. तेवढं त्याला पुरलं. ठकी म्हणजे ठग, नावातच आहे, म्हणाला. पुढे कित्येक आठवडे तिला तेच नाव चिकटलं. जिथे जाईल तिथे, जे उघडेल त्यात. ज्यांनी तिची बॅग कधी हातात धरली नव्हती त्यांनीसुद्धा शिव्या दिल्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. कशी ते लिहिणार नाही. तिने ठरवून केलं एवढंच.

त्याने तो व्हिडिओ काढलासुद्धा नाही.

९ फेब्रुवारी

लोखंड तापलं आहे. त्याने महिन्याभरापूर्वी जाहीर केलं होतं की आपलं अख्खं घर हुशार करणार आणि रोजचा अनुभव दाखवणार. म्हणून तर मी इकडची बदली मागून घेतली. आज त्याच्या घरची ऑर्डर पडली आणि मी हात वर केला. बाकीचे म्हणाले, तो माणूस किरकिऱ्या आहे, तुझं तू बघ.

घर तिसऱ्या मजल्यावर, लांबट, उजेडाचं. त्याने मला ओळखायचं कारणच नव्हतं. ठकीचा चेहरा त्याने पाहिला होता, माझा नाही. प्रत्यक्षात बुटका आहे आणि कॅमेरा बंद असला की आवाज अर्ध्यावर येतो. मला दादा म्हणाला. दादा, वायरी दिसता कामा नयेत. ठकीचा हा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना ड्रिल हातात होतं. भिंतीला लावलं.

बायको शाळेत शिकवते. मी मॅडम म्हटलं तर म्हणाली वहिनी म्हणा, मॅडम ऐकून ऐकून कान किटलेत. पाणी दिलं, चहा दिला, मी स्टुलावर चढलो तर स्टूल धरून उभी राहिली. नवऱ्याच्या धंद्याबद्दल एवढंच बोलली की घरात सतत कुणीतरी बघतंय असं वाटतं, पण त्याच्यावरच घर चालतं.

आणि त्याचे वडील. अण्णा. कपड्यांच्या कारखान्यात कटर मास्तर होते. आता आठवण विरत चालली आहे. खिडकीशी बसून दोन बोटांनी हवेतच कापड कापत असतात. मला तीनदा विचारलं, माप घ्यायला आलास का? तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

दिवे, स्पीकर, दारावरची घंटा, प्रत्येक खोलीत कॅमेरा. शेवटी त्याची व्हिडिओची खोली. भिंतींना जाड स्पंज, खिडकी बुजवलेली, आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. त्या दाराला कुलूप बसवलं. सगळ्याला माझी एक चोरवाट ठेवली. आता माझ्या फोनवरून ते घर मला दिसतं, ऐकू येतं, आणि मी म्हणेन तसं वागतं.

११ फेब्रुवारी

ठकीच्या जुन्या व्हिडिओंतून वाक्यं कापून ठेवली आहेत. मोजकीच. ही चेन ओढून बघा. आतून अस्तर आहे. मजबूत टीप आहे, उसवणार नाही. काही अडचण आली तर मला फोन करा. 

आज दुपारी तो व्हिडिओ करत असताना स्पीकरमधून हळूच सोडलं, ही चेन ओढून बघा. थांबला. इकडेतिकडे बघितलं. पुन्हा बोलायला लागला. पुन्हा सोडलं.

त्याचा चेहरा बघायला हवा होता. मी बघितला. जेवणाच्या सुट्टीत, खिशात फोन धरून, मोठ्याने हसलो. किती महिन्यांनी.

१४ फेब्रुवारी

त्याच्या नावाने चेनच्या गुंडाळ्या मागवल्या. काळ्या, जाड, लांबच लांब. दारात ढीग. त्याने परत पाठवल्या, मी परत मागवल्या. पाठवणाऱ्याचं नाव काय घालू असं दुकानाने विचारलं, मी ठकी घातलं.

आधी त्याने याचाही व्हिडिओ केला. बघा मंडळी, माझ्या घरात भूत आलंय. लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. पण काल त्याने स्पीकरची वायर स्वतः उपटली आणि कंपनीत फोन करून मलाच बोलावलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी गेलो, वायर जोडली, सगळं तपासल्यासारखं केलं आणि म्हटलं, काही दोष नाही सर, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. डोळ्यांखाली काळं आलंय त्याच्या. करावं तसं भरावं.

निघताना अण्णांनी हात धरला. खुशीत होते. म्हणाले, ती मुलगी फार गोड बोलते. मी विचारलं, कोणती? तर म्हणाले, बॅगवाली. तिची बॅग तळाशी उसवते, मी तिला सांगितलं की कोपऱ्यात दुमड घालून दुहेरी टीप मार.

ठकीच्या बॅगा तळाशी उसवायच्या हे खरं आहे. पण ही काळजी ती फक्त मला आणि आईला बोलून दाखवायची.

१५ फेब्रुवारी

म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला किती अर्थ द्यायचा? त्याने मुलाच्या त्या व्हिडिओत बॅग पाहिली असेल. कटरच तो, शिवण कुठे कच्ची आहे हे त्याला नजरेने कळणार. झालं.

१७ फेब्रुवारी

कॅमेऱ्यातून बघत होतो. अण्णा खिडकीशी एकटेच. स्पीकरकडे तोंड करून बोलत होते, मान डोलावत होते, मध्येच थांबून ऐकत होते. माझ्या फोनवर मला फक्त त्यांचा आवाज येत होता. समोरचा येत नव्हता.

मी काहीही सोडलेलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता, बोट कुठेही लागलेलं नव्हतं.

काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे गेलो. घंटा नीट वाजते का बघतो म्हटलं. वहिनी शाळेतून नुकतीच आली होती. अण्णांनी मला जवळ बोलावलं आणि निरोप द्यावा तसं सांगितलं, "ती म्हणते, दादाला म्हणावं घरी जा. आई एकटी आहे."

वहिनी हसून म्हणाली, हल्ली यांचं असंच चालतं, कुणाशी तरी बोलत असतात, पण शांत झोपतात म्हणून मी काही बोलत नाही. मी पण हसलो. जिना उतरता उतरता फोन पुन्हा तपासला.

कंपनीतल्या कुणाला माझी चोरवाट सापडली असणार. तोच खेळतोय माझ्याशी. ठकीची वाक्यं फोनमधून पुसून टाकली. आठवडाभर गप्प राहायचं. झालं तेवढं पुष्कळ झालं असंही वाटलं आज. त्याची झोप उडाली, धंदा बसला, बायको धास्तावली. आईकडे जावं.

२० फेब्रुवारी

जाणार नाही.

त्याने आज तो व्हिडिओ पुन्हा वर आणला. भुताने फारसे लोक जमेनात तेव्हा जुनं उकरलं. माझा सर्वांत गाजलेला पर्दाफाश, असं नाव देऊन. आणि ती गेल्याचं त्याला माहीत होतं. एकाने खाली लिहिलं होतं की ती मुलगी आता या जगात नाही. त्यावर याचं उत्तर, मग माल परत कोण घेणार? पुढे हसण्याची खूण.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खालची यंत्रं घरघरत होती आणि मला वाटलं ती माझ्याच छातीत आहेत.

एक दुपार. त्याला एक दुपार त्या स्पंजच्या खोलीत ठेवणार. ओरड म्हणावं. कुणाला ऐकू येत नाही म्हणजे काय होतं ते कळू दे.

२२ फेब्रुवारी

लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

वहिनी शाळेत गेली होती. घरात तो आणि अण्णा. मी समोरच्या चहाच्या दुकानात बसलो होतो, फोन कपाला टेकवून. तो आत गेला, दिवे लावले, मी कुलूप लावलं. तिथला स्पीकर बंद केला, आणि त्या खोलीत फोनला रेंज नसते म्हणून घरचं वायफायही.

आधी त्याने दार ओढलं. मग शिवी दिली असावी. मग कॅमेऱ्याकडे बघून हात जोडायचं नाटक केलं, त्याला वाटलं असेल बायकोने चेष्टा केली. मी चहा संपवला. मग तो दारावर धडका मारायला लागला. मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण तेव्हा मजाच येत होती.

मग त्याने छाती धरली. खिसे चाचपले. टेबलाचे खण उपसले. त्याला दमा होता, मला ठाऊक नव्हतं. पण शोधतोय काय ते कळलं, कारण श्वासाचा पंप बाहेर जेवणाच्या टेबलावर पडलेला होता आणि तो मला दुसऱ्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होता.

तेव्हा माझ्या फोनमधून आवाज आला. मी पुसून टाकलेला आवाज.

"दादा, उघड."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून बघितलं. म्हणजे त्यालाही ऐकू आलं.

"दादा, उघड ना. मला नकोय हे."

मी उघडलं नाही. बोट तिथेच होतं. मला त्याचं ते उत्तर दिसत होतं, माल परत कोण घेणार. मी म्हटलं, हा नट आहे, कॅमेऱ्यासमोर मरायचं नाटक करतोय. म्हटलं, आणखी जरा. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग आडवा झाला. ठकी रडत होती.

उघडलं तेव्हा उशीर झाला होता. कुलूप कट्कन उघडलं. तो उठला नाही.

दार लोटून अण्णा आत गेले. त्याच्याजवळ बसले आणि वितीने त्याचे खांदे मोजायला लागले.

२३ फेब्रुवारी

पोलिसांनी बोलावलं. कुलूप बसवणारा म्हणून. गेलो.

अण्णांनी कबूल केलं होतं. दार मीच लावलं, म्हणाले. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच. आणि मग, त्या पोरीला काही बोलू नका, तिचा काही दोष नाही. कोण पोरगी विचारलं तर दोन बोटांनी हवेत कापड कापायला लागले.

साहेबांनी मला विचारलं, हे कुलूप आपोआप लागू शकतं का? बाहेरून, दूर बसून, कुणी लावू शकतं का?

मी नाही म्हटलं. घरातल्याच माणसाला बाहेरून बटण दाबावं लागतं.

वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर होती. मी बोललो तेव्हा तिने अण्णांकडे बघितलं. त्या नजरेतला संशय मी तिथे ठेवला.

चोरवाट बुजवून टाकली आहे. कुणाला काही सापडणार नाही. सूड पूर्ण झाला. मग गोड का लागत नाही?

२५ फेब्रुवारी

अण्णांना मनाच्या आजारांच्या इस्पितळात नेलं. बंद वॉर्ड. दरवाजा, खिडकी, काहीच हातात नाही. कात्री तर नाहीच.

आज स्कूटरवरून एका गिऱ्हाइकाकडे निघालो होतो. फोन रस्ता सांगत होता. डावीकडे वळा. सरळ जा. मग त्याच सुरात, "दादा, सांग." मी ब्रेक दाबला, मागचा धडकता धडकता वाचला.

गिऱ्हाइकाकडे नवा स्पीकर डब्यातून काढला. वायर जोडायच्या आधी बोलला. सांग. बाई कौतुकाने म्हणाल्या, अगोबाई, चार्ज करूनच येतो वाटतं.

फोन बंद करून ठेवला आहे. बॅटरीसुद्धा

बॅटरी काढता येत नाही या फोनची. मीच लोकांना सांगायचो, हा याचा गुण आहे.

२६ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. नोकरी सोडतो असं दुसऱ्या फोनवरून कळवलं, लगेच उत्तर आलं. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्याखाली, दादा सांगुन टाक.

सांगुन. पहिला उकार. ठकीचं शुद्धलेखन कच्चं होतं.

गावी जायची गाडी मागवली. चालक भला माणूस होता, मी डोळे मिटून बसलो. थांबली तेव्हा समोर डबाफोड्याचं घर. मी पत्ता दाखवला, त्याने त्याचा फोन दाखवला. त्यात हाच पत्ता. म्हणाला, मध्येच बाईंनी फोन करून बदलला ना, तुमच्या बहिणीने.

उतरलो. चालत परत आलो. मागे कुणीतरी चालत होतं, जड पावलांचं. थांबलो की थांबायचं.

ठकीची चाल तशी नव्हती.

२७ फेब्रुवारी

आईचा फोन. बंद फोनवर वाजला.

आई रडत नव्हती. म्हणाली, ठकी बोलली माझ्याशी. मी म्हटलं, आई, स्वप्न पडलं असेल. ती म्हणाली, पोळी तव्यावर होती, स्वप्न कसलं. ठकी म्हणाली, दादाला समजाव, वेळ फार नाही, तो जिना चढतोय.

मग आईने विचारलं,

"काय केलंस तू, पोरा?"

मी फोन खाली ठेवला. आईला अर्धं खरं पुरतं असं मला नेहमी वाटायचं.

कोण जिना चढतोय?

२८ फेब्रुवारी

जिना नऊ-दहा पायऱ्यांचा असेल. कालपासून कुणीतरी चढतंय. एक पायरी. मग थांबतं. दम घेतं.

दम घेतं. शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, छातीतून.

दार उघडून बघितलं. कुणी नाही. साबणाचा वास. मालकीणबाई लेकीकडे गेल्यात. दुकानात यंत्रं चालू, माणसं कामात. त्यांना विचारलं, वर कुणी आलं का? नाही म्हणाले. एक जण म्हणाला, तुमचाच आवाज येतो की, बहिणीशी भांडता.

मी भांडत नाही. ती बोलते, मी ऐकतो. आता सगळीकडून बोलते. दिव्यातून, किटलीतून. दादा, अण्णा कोपऱ्यात बसलेत, त्यांना सोडव. दादा, पोलिसांना सांग. दादा, मी दाराशी उभी आहे, पण माझ्याने किती वेळ —

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना सगळं.

ती म्हणाली, "माझ्यासाठी उघडायचं होतंस."

१ मार्च

कडी लावली आहे. साधी, लोखंडी. तिला वायर नाही, ॲप नाही.

दुपार. ऊन आहे. ऊन असताना असलं काही होत नाही म्हणतात.

वहिनी आली. दाराबाहेर. ठकी म्हणते, तिनेच वहिनीला बोलावलं, त्यांच्याच घरातल्या स्पीकरवरून, आज सकाळी. सगळं सांगितलं. वहिनीने दार वाजवलं नाही. नुसतं विचारलं, "पंप टेबलावर होता. तुम्हाला दिसत होता का?"

 ठकी म्हणाली, दादा, आत्ता सांग. आत्ता.

सांगितलं. दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. कुलूप, चोरवाट, पंप, पोलिसांपुढचं खोटं. अण्णांनी काही केलं नाही, मी केलं.  वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, फोनमध्ये सगळं घेतलंय, आता अण्णांना आणायला जाते. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

म्हटलं, वहिनी, थांबा, मी येतो बरोबर, पोलिसांकडे येतो. कडी काढायला गेलो —

निघत नाही. दोन्ही हातांनी. हातोडीने. वहिनीची पावलं उतरून गेली. खाली यंत्रं सुरू झाली, हाका कुणाला ऐकू

ठकी, मी सांगितलं ना. सगळं सांगितलं.

ती म्हणते, "उशीर केलास रे. मला आता तो आवरत नाही."

दिवा विझला. किटलीही गप्प. ती गेली. इतके दिवस ती नको होती, आणि आता

जिन्यावर कुणी नाही. जिना संपला.

शिट्टी ऐकू येतेय. बारीक. दाराबाहेरून नाही, इकडून, गादीच्या बाजूने, आणि जितक्या वेळा ती वाजते तितकी माझ्या छातीत हवा कमी — मी मागे बघणार नाही, लिहीत राहणार, लिहीत राहिलं की — खांद्यावर

वहिनी आली तर सांगा की मी